डोपामिनची टाकी नसतेच, मग रिकामी कशी होईल?

व्हॉट्सअ‍ॅपवर पालकांच्या गटांत एक मजकूर फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, पण आशय असा: मेंदूत डोपामिनची (चेतापेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी वापरतात त्या एका रसायनाची) टाकी असते, प्रत्येक रीलबरोबर ती थोडी रिकामी होते, म्हणून मुलांचं अभ्यासात मन लागत नाही. रील म्हणजे कोकेनच. डोपामिन म्हणजे आनंद. सात दिवस मोबाइल, गोड आणि गप्पा बंद ठेवा, टाकी पुन्हा भरेल. सोबतीला केळं आणि खाजकुहिलीची पावडर.

मुलांच्या हातात मोबाइल फार वेळ असतो ही चिंता खरी आहे आणि मलाही ती आहे. पण या मजकुरातलं मेंदूचं वर्णन चुकीचं आहे, आणि त्यावरून सुचवलेले काही उपाय घातक आहेत.

आधी टाकी. मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी असतात. त्यांतल्या डोपामिन वापरणाऱ्या जेमतेम चार ते सहा लाख, बहुतेक मध्यमेंदूत. अशा एकेका पेशीच्या तंतूला असंख्य फाटे फुटतात आणि त्यांवर जागोजागी डोपामिनने भरलेल्या पिशव्या असतात. एका पिशवीचा व्यास सुमारे 50 नॅनोमीटर. तंतूतून विद्युतसंदेश आला की पेशीच्या पटलातली, म्हणजे बाहेरच्या पातळ आवरणातली, कॅल्शियमची दारं उघडतात. बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा जवळपास दहा हजार पट जास्त असतं, त्यामुळे ते आत घुसतं. पिशवीवरचं सिनॅप्टोटॅग्मिन नावाचं प्रथिन त्याला धरतं, पिशवी पटलाशी जुळून उघडते आणि आतलं डोपामिन बाहेर पडतं. हे सगळं एखाद्या मिलिसेकंदाचं काम. पेशीतल्या पिशव्यांची ही वाहतूक उलगडल्याबद्दल रॉथमन, शेकमन आणि स्यूडहॉफ यांना 2013 साली नोबेल मिळालं.

मजकूर लिहिणारा इथेच थांबला. पुढचं त्याने सांगितलंच नाही. बाहेर पडलेलं बरंचसं डोपामिन एक वाहक प्रथिन त्याच पेशीत परत ओढून घेतं, आणि ते पुन्हा पिशव्यांत भरलं जातं. उघडलेल्या पिशवीचं पटलही आत घेतलं जातं आणि त्यातून नवी पिशवी तयार होते. जी काही तूट येते ती टायरोसिन या अमिनो आम्लापासून भरून निघते, आणि ते रोजच्या डाळी-दुधातून मिळतं. रील बघून हा साठा संपत नाही.

हा साठा खरंच संपला तर काय होतं हे मात्र पाहिलं गेलंय, आणि त्या कथेचा एक धागा मुंबईत आहे. सर्पगंधेच्या मुळीने वाढलेला रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तुम जाल वकील यांनी 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं आणि जगाचं तिच्याकडे लक्ष गेलं. पुढे त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढण्यात आलं. रेसर्पिन पिशव्या भरणारा पंपच बंद पाडतं. 1957 मध्ये स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी ते सशांना दिलं. ससे कान पाडून निपचित पडले. मग डोपामिनचा कच्चा माल, म्हणजे एल-डोपा, टोचल्यावर थोड्याच वेळात ते उठून हिंडू लागले. पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, रुग्णांना आज मिळणारं औषध याच वाटेने आलं, आणि कार्लसन यांना 2000 साली नोबेल. साठा रिकामा होणं ते हे. तासभर रील बघून कंटाळलेला मुलगा हाक आली की बॅट घेऊन जिना उतरतो. त्याच्या पिशव्या भरलेल्या आहेत.

आता कोकेन. खेळताना किंवा मजेचं काही करताना डोपामिन वाढतं यात वाद नाही. लंडनमधल्या संशोधकांनी 1998 मध्ये व्हिडिओ गेम खेळणाऱ्या माणसांच्या मेंदूत ते मोजून दाखवलं. पण कोकेन वेगळंच काम करतं. वर सांगितलेल्या वाहक प्रथिनालाच ते अडवतं. परतीची वाटच बंद झाल्याने डोपामिन बाहेर साचत राहतं. रील बघताना ती वाट उघडीच असते. दोन्ही एकच म्हटल्याने मोबाइल सुटत नाही. ज्या घरात खरंच अमली पदार्थांचं व्यसन शिरलंय त्यांचं दुःख मात्र हलकं होऊन जातं.

'डोपामिन म्हणजे आनंद' हे तर सर्रास ऐकू येतं. मेंदूसंशोधक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या डोपामिन पेशींची नोंद घेतली. अवचित फळाचा रस मिळाला की पेशी जोरात संदेश सोडत. रसाआधी दरवेळी दिवा लावायला सुरुवात केल्यावर काही दिवसांत त्या दिव्यालाच प्रतिसाद देऊ लागल्या, रसाच्या वेळी गप्प. दिवा लागूनही रस आला नाही, तर ठरल्या क्षणी त्यांचे संदेश नेहमीपेक्षाही कमी झाले. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक त्या सांगत होत्या. दुसरे संशोधक केंट बेरिज यांच्या प्रयोगांत तर डोपामिन जवळजवळ नष्ट केलेले उंदीर तोंडात साखर घातली की पूर्वीसारखेच जिभल्या चाटत, फक्त ती मिळवायला उठत नसत. गोडी शाबूत होती, ओढ गेली होती. घरात उपयोगी पडेल असं काही यात असेल तर ते हे: नोटिफिकेशनचा आवाज हा तो दिवा आहे. तो बंद करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

सात दिवसांच्या डिटॉक्सला कसलाही आधार नाही. 'डोपामिन उपवास' 2019 च्या सुमारास लोकप्रिय करणारे मानसशास्त्रज्ञ कॅमेरॉन सेपाह यांनीच सांगितलं होतं की नाव शब्दशः घेऊ नका. सवय सोडवण्याची ती एक पद्धत आहे. फोनपासून सुट्टी जरूर घ्या. पण गप्पा बंद? वयात येणाऱ्या मुलाशी आठवडाभर बोलायचं नाही, हा सल्ला मला क्रूर वाटतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल उदास असेल, कशातच रस घेत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक त्यासाठीच आहे.

केळ्याचं थोडक्यात: केळ्यात डोपामिन असतं, पण रक्तातून मेंदूत जाण्याच्या वाटेवर जो अडसर आहे तो ते ओलांडू शकत नाही. केळं जरूर खा, भूक भागते.

खाजकुहिलीचं तसं नाही. तिच्या बियांत खरोखरच एल-डोपा असतं आणि ते मेंदूत पोचतं, म्हणून ही पावडर मुलांना दुधातून देणं मला सर्वांत धोक्याचं वाटतं. डब्यागणिक प्रमाण वेगळं, डोस ठरवणारं कोणी नाही. मळमळ, रक्तदाब एकदम उतरणं, भास होणं असे त्रास होऊ शकतात. घरात पार्किन्सनच्या गोळ्या घेणारे आजी-आजोबा असतील आणि कोणी त्यांना ती 'ताकदीसाठी' देत असेल, तर औषधाचा डोस नकळत वाढतो आणि हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागतात. ती सुरू केली असेल तर त्यांच्या डॉक्टरांना आजच फोन करून सांगा, आणि गोळ्यांच्या डोसात स्वतःहून बदल करू नका.