चित्र समोर नसेल तर सुपरव्हिजन कसलं?

कला-उपचार (आर्ट थेरपी, म्हणजे चित्रं वगैरे काढून घेत केलेला मानसोपचार) शिकणाऱ्यांना सुपरव्हिजन, म्हणजे त्यांच्या केसेसवर अनुभवी व्यक्तीचं मार्गदर्शन, हवंच, हे या विषयावरच्या लेखात लेखिकेने छान मांडलंय. पण सगळा भर 'विद्यार्थ्याला मानसिक आधार' यावरच आहे. गोम पुढे आहे.

इथे पुण्यात मी प्रशिक्षणार्थींच्या केसेस ऐकायला बसते. वहीतून वाचून दाखवतात, 'मुलाने काळा रंग वापरला, म्हणजे डिप्रेशन.' मी म्हणते, आधी चित्र काढ पिशवीतून. मग दिसतं की खडू इतका दाबलाय की कागद मागून फुगलाय, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेलं घर खोडलंय. खोक्यात बाकीचे खडू धड होते का? तो खोडत होता तेव्हा तू कुठे बसली होतीस, काही बोललीस का? तिथून खरं काम सुरू होतं. नुसत्या तोंडी रिपोर्टवर यातलं काहीच हाती लागत नाही.

आणि कृपा करून चित्रांचे फोटो बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका! मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये गोपनीयतेचा हक्क दिलाय. माझ्या मते चित्रही त्यातच आलं.

ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय 'आर्ट थेरपिस्ट' म्हणवून घेता येत नाही. आपल्याकडे दोन दिवसांची कार्यशाळा उरकून इन्स्टावर पाटी लावणारेही आहेत (मंडलाची गोल नक्षी रंगवून घेतात, बस्स).

लेखिकेने एका गोष्टीवर जरूर लिहावं: सुपरव्हिजनची फी कोर्सच्या फीमध्ये धरायची की विद्यार्थ्याने वेगळी भरायची? बरेच जण तिथेच गळतात.