‘सुशिक्षित माणूस या पाच चुका करत नाही’

या मथळ्याचा इंग्रजी शब्दप्रयोगांचा एक तक्ता सध्या फिरतोय. मलाही तो तीनदा आला. यातल्या चार ‘चुका’ मुळात चुका नाहीतच.

म्हणे, वाक्याच्या शेवटी ‘टू’, ‘फ्रॉम’, ‘विथ’ येता कामा नये. हे खूळ सहसा इंग्रज कवी जॉन ड्रायडनच्या नावावर टाकतात. १६७२ साली त्याने नाटककार बेन जॉन्सनच्या एका ओळीवर बोट ठेवलं: ओळ ‘फ्रॉम’वर संपते. त्यात वाईट काय, हे सांगितलं नाही. वर आपल्याच जुन्या निबंधातली तशी वाक्यं नंतर बदलून टाकली! आज एखाद्याला ‘टू हूम आर यू टॉकिंग?’ असं विचारून पाहा, तो आधी तुमच्या तोंडाकडे बघेल.

‘लेस’ आणि ‘फ्युअर’चा मुद्दा जास्त चिवट आहे. मोजता येतं तिथे ‘फ्युअर’, बाकी ‘लेस’, असं शाळेत पाठ करून घेतात. पण १७७० मध्ये रॉबर्ट बेकर या लेखकाने इंग्रजी भाषेवरच्या पुस्तकात हे मांडलं ते स्वतःची आवड म्हणून. ‘मला वाटतं’ अशाच सुरात. त्याच्या कित्येक शतकं आधी, नवव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या राजा आल्फ्रेडच्या काळापासून, मोजता येणाऱ्या गोष्टींनाही ‘लेस’ लागत आलंय. आणि मिनिटं, मैल तर मोजताच येतात, तरी ‘लेस दॅन फाइव्ह मिनिट्स’च म्हणतात. ‘वन फ्युअर थिंग टू वरी अबाउट’ तर दाताखाली खडा आल्यासारखं वाटतं. परीक्षेत, अर्जात ‘फ्युअर’ पाळा, हरकत नाही. पण दुसऱ्याला अडाणी ठरवू नका.

एका माणसासाठी ‘दे’ (they) चालत नाही? चौदाव्या शतकापासून चालतंय. एकट्या सासऱ्यांना ‘ते आले’ म्हणणाऱ्या आपल्याला तरी याचं नवल वाटू नये.

‘अँड’ने वाक्य सुरू करू नये, हा चौथा. १६११ च्या इंग्रजी बायबलमधलं दुसरंच वचन ‘अँड’ने सुरू होतं. पुढे.

पाचवा मुद्दा मात्र बरोबर आहे: ‘डिस्कस अबाउट’ प्रमाण इंग्रजीत चूकच. ‘डिस्कस’ थेट कर्म घेतं. गफलत होते ती ‘डिस्कशन अबाउट’मुळे, कारण नामापुढे ‘अबाउट’ चालतं आणि जीभ तेच क्रियापदालाही लावते.

आणि तक्त्याच्या तळाशी ठळक अक्षरांत काय? ‘व्हॉट आर यू वेटिंग फॉर? शेअर करा!’