अमेरिकेत बघा, म्हणे

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या जुन्या सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, मी तिथे राहत नाही तरी मला कोणी काढत नाही आणि मीपण निघत नाही. परवा तिथे चेन स्नॅचिंगवरून विषय निघाला तो बघता बघता पिस्तुलाच्या लायसन्सवर जाऊन पोचला. एक काका म्हणे त्र्यंबक रोडला कुणाच्या फार्महाऊसवर सेल्फ डिफेन्सचा कॅम्प आहे, एकदम अमेरिकन पद्धतीचं ट्रेनिंग, सगळ्या लेडीजनी जावं, कारण अमेरिकेत बघा, प्रत्येक जण ट्रेन्ड असतो म्हणून कोणी हात लावत नाही. लगेच दुसऱ्या काकांनी अनंत कान्हेरे काढले, गोल्फ क्लबच्या मैदानाला ज्यांचं नाव आहे ते. अहो काका, १९०९ ला विजयानंद थिएटरात इंग्रज कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या तो सेल्फ डिफेन्स होता का?

प्रत्येक जण ट्रेन्ड म्हणे! इथे टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ पूर्ण झालेल्या बहुतेकांना हँडगन घेऊन फिरायला ना लायसन्स लागतं ना क्लास. तरी एलटीसी, म्हणजे बंदूक बाळगून फिरायचं लायसन्स, काढायचंच असेल तर चार ते सहा तासांचा क्लास, मग ५० गोळ्या ३, ७ आणि १५ यार्डांवरून, २५० पैकी १७५ मिळाले की पास. आरटीओत आठ काढून दाखवला की गाडी येते म्हणतात, त्यातलाच प्रकार.

मी त्याच्या पुढचा वीकेंडचा डिफेन्सिव्ह क्लास पण केलाय. शिकवणारा गडी गोळ्या चालू असताना टार्गेटच्या बाजूला जाऊन उभा राहिला, दोन हातांवर, का तर आम्हाला खऱ्या प्रेशरची सवय व्हावी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लहानपणी एनसीसीत आम्हाला पॉइंट टू टू रायफल दिली तेव्हा एकाने नळी जरा आडवी फिरवली, रायफल रिकामी होती, तरी हवालदारसाहेबांनी त्याला अख्ख्या मैदानाला राऊंड मारायला लावले होते. ते बिचारे अमेरिकन पद्धतीचे नव्हते.

मग प्रत्येक फायरनंतर मान डावीकडे, मान उजवीकडे, म्हणजे दुसरा कोणी येतोय का बघायचं. सगळे जण आरतीला उभे राहिल्यासारखी मान हलवत होते. माझ्या मागे एकाची बायको गंमत म्हणून हात वर करून बोटं दाखवत होती, किती बोटं ते एकालाही सांगता आलं नाही.

आणि ते एकवीस फूट! एकवीस फुटांच्या आत आला की मारायचा, असं त्याने नियम म्हणून सांगितलं. डेनिस टुएलर नावाच्या सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसाने १९८३ मध्ये लिहिलं होतं ते एवढंच की चाकूवाला माणूस साधारण दीड सेकंदात तेवढं अंतर कापतो आणि ट्रेनिंग झालेल्या माणसालाही पिस्तूल काढून गोळी झाडायला तेवढाच वेळ लागतो. म्हणजे सावध राहा, लांब राहा. त्याचं यांनी गोळी घालायचं परमिट करून टाकलं. कॉलेज रोडला संध्याकाळी एकवीस फुटांच्या आत किती माणसं असतात मोजा एकदा.

आपल्याकडे २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये लायसन्ससाठी सेफ्टी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आहे, वर पोलिस कमिशनर ऑफिसच्या चकरा, आणि मला ते आता बरंच वाटतं. पण हे ग्रुपवर लिहिलं तर आमचा एक शाळूसोबती म्हणतो, अमेरिकन येडेच आहेत रे, तू पण त्यातलाच. तेव्हा मात्र डोकं फिरलं. वरातीत हवेत बार काढणारे कुठल्या देशात आहेत? आणि इथे चांगले शिकवणारे आहेत की, एक रिटायर्ड बाई आहेत, पहिला तासभर काडतूस टेबलावर येऊच देत नाहीत, बोट ट्रिगरच्या बाहेर म्हणजे बाहेर. त्यांचा क्लास अर्धा रिकामा असतो, कारण त्यात थरार नाही.

मी तो वीकेंडचा क्लास का केला? शेजारच्याने विचारलं म्हणून. इतकी वर्षं त्याच्याशी फक्त एचओए, म्हणजे इथली सोसायटी कमिटी, आणि गवत यावरच बोलणं, त्याने पहिल्यांदा पिकअपमध्ये बसवून कुठे तरी नेलं, नाही कसं म्हणणार. तिथे फोटोवाली टार्गेटं लावलेली होती. माझ्यासमोरच्या फोटोतला माणूस सावळा, दाढीवाला, जर्किनमध्ये, आमचा सातपूरचा मामेभाऊ हुबेहूब. मी छातीवर दहाच्या दहा मारल्या. शेजाऱ्याने पाठीवर थाप मारली आणि खरं सांगतो, छान वाटलं. इतकं छान की परत येताना त्याच्याच ओळखीच्या दुकानातून मी ती हँडगन विकत घेतली. बेडरूमच्या सेफमध्ये आहे.

काकांना हे लिहिलं नाही, लिहिलं असतं तर म्हणाले असते बघा, मी सांगत होतो. त्यांना एवढंच लिहिलं की फार्महाऊसवर लेडीजना पाठवायच्या आधी स्वतः एक तास जाऊन बसा, आणि शिकवणारा बंदुकीच्या पुढे उभा राहिला तर उठून घरी या. त्यांनी अंगठा टाकला आणि खाली साधना मिसळचा फोटो.