दगडावरचं 'रेव्हरंड'

१८७४ साली इंग्लंडात, लिंकनशायरमधल्या ओस्टन फेरी गावात, हेन्री कीट नावाच्या मेथडिस्ट धर्मोपदेशकाची सात वर्षांची मुलगी वारली. मेथडिस्ट म्हणजे चर्च ऑफ इंग्लंड या तिथल्या अधिकृत चर्चपासून वेगळा झालेला पंथ. थडग्याच्या दगडावर 'रेव्हरंड एच. कीट यांची धाकटी मुलगी' असं कोरायचं होतं. गावच्या चर्चचे पाद्री अडून बसले. 'रेव्हरंड' म्हणजे फक्त चर्च ऑफ इंग्लंडचे पाद्री, मेथडिस्टांनी तो शब्द लावायचा नाही! बिशपसाहेबही पाद्र्याच्याच बाजूने. पोर गेलेला बाप एका शब्दासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिला. चर्चच्या दोन कोर्टांत हरला, शेवटी १८७६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलमध्ये, म्हणजे अशा खटल्यांच्या शेवटच्या अपील कोर्टात, जिंकला. निकालाचा मथितार्थ असा की हा हुद्दाही नाही आणि किताबही नाही, आदर दाखवणारं साधं विशेषण आहे. त्यावर कोणाची मालकी नाही.

मला हा निकाल फार आवडतो. लॅटिनमधून आलेल्या या शब्दाचा अर्थ 'वंदनीय'. शेक्सपियरचा ऑथेल्लो व्हेनिसच्या सिनेटरांना याच विशेषणाने संबोधतो, आणि त्यांच्यात पाद्री कोणी नाही. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये हा शब्द एकदाच येतो, १११ व्या स्तोत्रात, तोही देवाच्या नावासाठी. माणसांनी मात्र त्याच्या पायऱ्या पाडल्या: डीन 'व्हेरी रेव्हरंड', बिशप 'राइट रेव्हरंड', आर्चबिशप 'मोस्ट रेव्हरंड'. (आपणही कमी नाही. पत्रिकेत 'ह.भ.प.' राहिलं म्हणून रुसलेले बुवा पाहिलेत ना?)

इंग्रजी व्याकरणाचे सोवळे लोक अजून सांगतात की नुसतं 'रेव्हरंड स्मिथ' चूक. आधी 'द' हवा आणि मधे नाव किंवा 'मिस्टर' तरी. त्यांच्या भाषेपुरतं ठीक आहे. पण हाच नियम लावून 'रेव्हरंड टिळक' म्हणणाऱ्या मराठी माणसाला कोणी टोकू लागलं, तर मी ऐकून घेणार नाही. मराठीत विशेषण आडनावाला थेट चिकटतं. 'लोकमान्य टिळक' म्हणताना कुठे अडखळतो आपण? दोन टिळक, दोघांच्याही आधी विशेषणच, आणि तेवढ्यावर कवी कोण नि 'केसरी'वाले कोण हे शेंबड्या पोरालाही कळतं.

आणि हो, नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ मध्ये, काम केलं अमेरिकन मराठी मिशनमध्ये. म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे तेही नव्हेत. ओस्टन फेरीच्या पाद्रीबुवांच्या हिशेबाने आपले रेव्हरंडही नुसते 'मिस्टर टिळक'च!