तलवारीचे पैसे कुणी कुणाला द्यायचे होते?

रघुजी भोसल्यांची लंडनहून विकत आणलेली तलवार आणि इंग्रजांची लूट यावरून आज डोकं फिरलंय. लिहून टाकल्याशिवाय झोप यायची नाही. लांब होईल, ज्यांना वेळ आहे त्यांनी वाचा.

भाची स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय. संध्याकाळी आली आणि पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणाली, मावशी, शब्द विचार. इंग्रजी समानार्थी शब्दांचं पान होतं, हल्ला करणं, लुटणं, दुसऱ्याचं बळकावणं. प्लंडर, पिलेज, रॅन्सॅक, मरॉड, युझर्प. पोरीला सगळं तोंडपाठ. मग तिनं इतिहासाचं पुस्तक काढलं. त्यात १७३९ मध्ये नादिरशाहाने दिल्ली 'लुटली' होती आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूर 'खालसा केले' होते. मी तिला विचारलं, हे दुसरं त्या लुटीच्या शब्दांत का नाही गं? ती अगदी सहज म्हणाली, "मावशी, ते लुटीत नाही येत. ते धोरणात येतं."

तिची काहीच चूक नाही. तिला तसंच शिकवलंय, मलाही तसंच शिकवलं होतं. पण आम्ही नागपूरच्या महाल भागात राहतो हो! भोसल्यांचा वाडा आमच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर. त्या वाड्यात जे झालं ते धोरण?

काय झालं होतं ते सांगते. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी गेले. मुलगा नव्हता. राण्यांनी घेतलेला दत्तक ईस्ट इंडिया कंपनीने मानला नाही. राज्य गेलंच, पण वाड्यातली चीजवस्तूही गेली. हत्ती, घोडे, बैल इथंच सीताबर्डीवर विकले. दागदागिने कलकत्त्याला नेऊन लिलावात काढले. म्हाताऱ्या बांकाबाई विरोध करत राहिल्या, त्यांचं कोण ऐकणार? घरात सुतक असताना त्या घरातलं सामान बाहेर काढून विकणाऱ्याला तुम्ही-मी काय म्हणतो, ते इथं लिहायची गरज नाही.

आता आमच्या घरातली एक गोष्ट. मी लहान असताना आम्ही सगळे लग्नाला अमरावतीला गेलो होतो आणि मागे घर फोडलं. बरंच गेलं, पण आजीला दुःख झालं ते तांब्याच्या घंगाळाचं. तिच्या लग्नातलं. काठावर तिचं नाव कोरलेलं, खाली लग्नाचं साल. पोलिसात तक्रार दिली, काही झालं नाही. पुढे बाबांना तेच घंगाळ इतवारीत एका भांड्यांच्या दुकानात दिसलं. नाव तसंच. बाबांनी दुकानदाराला सांगितलं, हे माझ्या आईचं आहे. तो म्हणाला, "भाऊ, असेल. पण मी पैसे मोजून घेतलंय." शेवटी बाबांनी तांब्याच्या भावाने वजनावर पैसे दिले आणि ते घरी आणलं. पावतीसुद्धा मिळाली. आजीने पहिला प्रश्न विचारला, किती दिले? बाबांनी आकडा सांगितला. त्यावर ती जे म्हणाली ते मला अजून शब्दन्शब्द आठवतं: "आपल्याच घंगाळाची पावती घेऊन आलास?"

गेल्या वर्षी रघुजी भोसल्यांची तलवार आली तेव्हा मला आजीचं हेच वाक्य आठवलं होतं. आठवतंय ना सगळ्यांना? पहिले रघुजी, नागपूरच्या गादीचे संस्थापक. एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सोदबीजच्या लिलावात तलवार निघाली. आपल्या राज्य सरकारने ४७.१५ लाख रुपये खर्चून ती मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली. मीही तेव्हा फोटो शेअर केला होता आणि त्याचा मला आनंदच आहे. पातं युरोपातलं आणि त्यावर सोन्याच्या अक्षरांत देवनागरीत मालकाचं नाव, 'श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा'. नाव कोरलेलं आहे! तरी विकत घ्यावी लागली. सरकारने घेतली ते बरोबरच केलं, नाहीतर कुठल्या तरी श्रीमंताच्या दिवाणखान्यात गेली असती. पण ज्याने विकली त्याला पैसे मिळाले, लिलाव करणाऱ्याला कमिशन मिळालं, आणि आपण ढोल-ताशे वाजवले. ती तिकडे पोचली कशी, हे त्यांना तोंडावर कुणी विचारलं का?

हो, भोसले आणि कंपनी यांच्यातल्या १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ती लुटीत गेली की पुढे कुणा साहेबाला नजराणा म्हणून दिली गेली, हे नक्की सांगता येत नाही. मान्य. पण छातीवर बसलेल्याला दिलेला नजराणा किती मनापासून दिलेला असतो, हे आपल्याला कळत नाही का?

आणि दरवेळी एक जण उगवतो. आजही कौटुंबिक ग्रुपवर मी हा विषय काढला आणि एका नातेवाईकांनी लगेच लिहिलं, त्यांनी नेलं म्हणून जपलं गेलं, आपल्याकडे राहिलं असतं तर गंज चढला असता. माझं रक्त उसळलं. कारण इतवारीतला तो दुकानदारही बाबांना हेच म्हणाला होता! "माझ्याकडे आलं म्हणून वाचलं भाऊ, दुसऱ्याने वितळवलं असतं." बाबा घरी येऊन हे सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. आपल्याकडच्या संग्रहालयांत धूळ असते, कबूल. कधी कधी वस्तूही गहाळ होतात, तेही कबूल. पण त्याने तिकडे मालकी तयार होत नाही.

शिवाय जपलं कुठे? १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा टिपूचं सोन्याने मढवलेलं सिंहासन इंग्रजांनी तुकडे करून वाटून घेतलं, सैन्यात बक्षिसाचा वाटा द्यायचा म्हणून. त्याचं सोन्याचं वाघाचं मुंडकं आज विंडसरच्या राजवाड्यात आहे. तुकडा जपला, सिंहासन नाही. आणि हे दारू पिऊन सुटलेल्या शिपायांचं काम नव्हतं. त्यासाठी 'प्राइझ एजंट' नेमलेले असायचे. मोजदाद करायची, लिलाव करायचा, हुद्द्याप्रमाणे वाटे पाडायचे. सेनापतीचा वाटा केवढा आणि शिपायाचा केवढा हे ठरलेलं. मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते. दरोडेखोर निदान पळतो. हे टेबल मांडून बसायचे.

पेशवाई बुडाल्यावर आपल्याकडेही तेच झालं. पेशव्यांच्या एका विश्वासू कारभाऱ्याची दौलत १८१८ मध्ये कंपनीच्या अधिकाऱ्यांनी उचलली. वारसाच्या बाजूने मुंबईच्या कोर्टात दावा लढवला गेला आणि मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने अधिकाऱ्यांविरुद्ध निकालही दिला. पण १८३० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तिथल्या वरच्या अपील कोर्टाने, तो फिरवला. म्हणे ही युद्धातली जप्ती, यात दिवाणी कोर्टाला बोलायचा अधिकारच नाही. म्हणजे दरोडा घालणाऱ्यांच्याच गावात जाऊन दाद मागायची, आणि त्यांनी सांगायचं की हा विषय आमच्या कक्षेत नाही. आजही उत्तर तेच आहे. ब्रिटिश म्युझियमला १९६३ चा कायदा आडवा येतो, वस्तू परत देता येत नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला १९८३ चा. म्हणून तर वाघनखं २०२४ मध्ये साताऱ्याला आली ती तीन वर्षांच्या बोलीवर, उसनी. कायदा कुणी केला? त्यांनीच. बदलू कोण शकतं? तेच. जर्मनीने २०२२ मध्ये बेनिनच्या (आजच्या नायजेरियातलं जुनं राज्य) काही ब्राँझ मूर्ती नायजेरियाला दिल्याच ना परत? मनात असलं की होतं.

आता एक गोष्ट, जी लिहायची नव्हती पण लिहिते, नाहीतर कुणीतरी कमेंटमध्ये लिहीलच. ज्या रघुजींची ही तलवार, त्यांच्याच फौजा १७४० च्या दशकात बंगालमध्ये गेल्या होत्या. आपण त्याला स्वारी म्हणतो, मुलूखगिरी म्हणतो, चौथाईची वसुली म्हणतो. तिकडे गावंच्या गावं उजाड झाली. कलकत्त्याच्या लोकांनी मराठ्यांच्या भीतीने खंदक खणला. १७५१ च्या तहात वर्षाला बारा लाखांची चौथाई ठरली तेव्हा कुठे ते थांबलं. बंगाली घरांत बाळाला झोपवताना अजून बर्गी, म्हणजे मराठा घोडेस्वार, आल्याची भीती घालतात. माझ्या ऑफिसात एक बंगाली मैत्रीण होती, तिने मला ते गुणगुणून दाखवलं होतं. अर्थ सांगताना ती हसत होती. मी नागपूरची आहे हे तिला माहीत होतं. मला हसता आलं नाही.

याने कंपनीचा हिशोब माफ होतो का? नाही. तिळमात्र नाही. पण भाचीला घरी पाठवताना मी तिला बंगालबद्दलही सांगितलं. तिच्या पुस्तकात तेही एका ओळीत 'मराठ्यांचा पूर्वेकडे विस्तार' म्हणून होतं. ती जरा गप्प झाली आणि म्हणाली, परीक्षेत काय लिहू मग? मी म्हटलं, परीक्षेत पुस्तकातलं लिही, मार्क महत्त्वाचे आहेत. एवढं बोलले आणि मलाच वाईट वाटलं. अजून वाटतंय.

राग थोडा निवलाय आता. आमच्या आजीने ते घंगाळ पुन्हा कधी वापरलं नाही. बाबांनी कल्हईवाल्याला बोलावलं, चिंचेने घासून लख्ख केलं, तरी नाही. पैसे गेल्याचं दुःख तिला नव्हतंच. त्या दुकानदाराने एकदाही 'हे तुमचं आहे' असं म्हटलं नाही, हे तिला लागलं होतं. मला लंडनकडून तेवढंच हवंय. पैसे नकोत. प्रत्येक वस्तूखाली लिहा: अमक्या साली, अमक्या घरातून, अमक्याने नेली. आणि तलवार इथं जिथं ठेवाल तिथल्या पाटीवर १८१७ आणि १८५४ तर लिहाच, बंगालही लिहा.

ग्रुपमध्ये इतिहासाचे अभ्यासक आहेत म्हणून एक विनंती. कलकत्त्याच्या त्या लिलावात भोसल्यांचं काय काय विकलं गेलं, त्याची यादी कुणी पाहिली आहे का? कुठल्या दफ्तरात बघायला मिळेल? इंग्रजीत असली तरी चालेल, मी बसून मराठीत उतरवून काढीन. कुणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा, इनबॉक्समध्ये नको, सगळ्यांना कळू दे.