एकतीस गोल खाल्ले, पण मॅच विकली नव्हती

परवा माझ्या भाच्याने नऊ गोल खाल्ले. वय तेरा, शाळेच्या टीमचा गोलकीपर. समोरची पोरं अंगापिंडाने थोराड होती आणि आमचे दोन डिफेंडर तापाने घरी होते, पण ते राहू दे. संध्याकाळी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडलं, त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग. पोरानं ते वाचलं, ओले ग्लोव्हज पिशवीत कोंबले, पिशवीला गाठ मारली आणि मला विचारलं, "मामा, पैसे घेतल्याशिवाय कुणी एवढे गोल खातं का?"

आम्ही कोल्हापूरचे. इथं पेठापेठांतून, तालमीतालमींतून फुटबॉल खेळला जातो, त्यामुळे असला मेसेज दोन दिवसांत गावभर होतो आणि मग तोच इतिहास ठरतो. म्हणून हे लिहितोय. मेसेज थोडक्यात असा: "जगातला सगळ्यात वाईट कीपर! २००१ साली अमेरिकन सामोआ नावाच्या बेटाने ऑस्ट्रेलियाकडून ३१ गोल खाल्ले. जगातला सगळ्यात मोठा पराभव! मॅच विकली असणार, नाहीतर ३१ गोल कोण खातं? कीपर रस्त्यावरून धरून आणलेला. लाजेनं त्यानं खेळ सोडला. या विजयावर ऑस्ट्रेलिया वर्ल्ड कपला गेली आणि फिफाने असल्या चिमुकल्या बेटांना बाहेर काढलं."

यातलं पूर्ण खरं एवढंच की मॅच झाली आणि स्कोअर ३१-० होता. ११ एप्रिल २००१, ऑस्ट्रेलियातलं कॉफ्स हार्बर, वर्ल्ड कपची पात्रता फेरी. आर्ची थॉम्पसनने एकट्याने १३ गोल मारले, डेव्हिड झ्द्रिलिकने ८.

आता "मॅच विकली" हे वाक्य, कारण खरं विष तिथं आहे. अमेरिकन सामोआ हे पॅसिफिक महासागरातलं, अमेरिकेच्या ताब्यातलं बेट. त्या आठवड्यात त्यांच्यावर काय गुदरलं होतं ते त्यांचे कोच टुनोआ लुई यांनी तेव्हाच सांगितलंय. खेळाडूकडे अमेरिकन पासपोर्ट हवा या नियमावर त्यांची निवडलेली टीमच बाद झाली. वीस जणांत पात्र उरला एकच, निकी सालापू, म्हणजे तोच कीपर. मग वीस वर्षांखालची पोरं बोलवायची म्हटलं तर त्यांच्यातल्या बहुतेकांची शाळेची परीक्षा चालू. शेवटी मिळतील ती पोरं गोळा केली, त्यांत तीन पंधरा वर्षांची. टीमचं सरासरी वय अठराच्या आसपास. काहींनी तर आयुष्यात पुरती नव्वद मिनिटांची मॅच खेळलेली नव्हती. म्हणजे "रस्त्यावरून धरून आणलेला" हे ज्याच्याबद्दल लिहिलंय, मूळ टीममधला तो एकटाच मैदानावर उभा होता. सत्य नेमकं उलटं फिरवलंय.

आणि ती पोरं पहिल्या मिनिटापासून आडवी पडली नव्हती. पहिला गोल झाला दहाव्या मिनिटाला. ज्या ऑस्ट्रेलियापुढे दोनच दिवसांपूर्वी टोंगा या दुसऱ्या बेटाने २२ गोल खाल्ले होते, तिला या पोरांनी जवळपास दहा मिनिटं थोपवलं. मध्यंतराला १६-०. पहिली दहा मिनिटं सोडली तर उरलेल्या ऐंशी मिनिटांत एकतीस, म्हणजे साधारण अडीच मिनिटांना एक. मी हे भाच्याला घड्याळ लावून दाखवलं. गोल झाला, कीपरनं जाळीतून बॉल काढला, तो सेंटरला गेला, शिट्टी वाजली, आणि पुढचा गोल व्हायला सरासरी दोनेक मिनिटं. हे एकतीस वेळा. ज्याला हरायचंच आहे त्याला एवढं उठावं लागत नाही. शिवाय शहाऐंशीव्या मिनिटाला, स्कोअरबोर्डचा चुराडा झालेला असताना, अमेरिकन सामोआने ऑस्ट्रेलियाच्या गोलवर एक फटका मारला आणि तिकडच्या कीपरला तो अडवावा लागला. मॅच विकलेली टीम शहाऐंशीव्या मिनिटाला गोल करायला पळत नाही.

टीमने ठरवून गोल दिलेली मॅच बघायचीच असेल तर तीही एका बेटावरचीच आहे. मादागास्करमध्ये ऑक्टोबर २००२ मध्ये एक क्लब १४९-० हरला. सगळेच्या सगळे स्वयंगोल. रेफ्रीच्या निर्णयांचा निषेध म्हणून त्यांनी सेंटर घेऊन घेऊन आपल्याच जाळीत बॉल मारला. ती आणि कॉफ्स हार्बरची मॅच एका पंगतीला बसवायची काही गरज नाही.

बरं, विकायला होतं तरी काय? अमेरिकन सामोआ त्या स्पर्धेत चार मॅच खेळला: फिजीकडून १३, शेजारच्या सामोआ या वेगळ्या देशाकडून ८, ऑस्ट्रेलियाकडून ३१, टोंगाकडून ५. सत्तावन्न गोल खाल्ले, एकही मारला नाही. ऑस्ट्रेलियाशी जिंकण्याची आशा त्यांच्या स्वतःच्या घरीही कुणी धरली नसेल. अशा मॅचसाठी पैसे कोण मोजतं, आणि कशाला?

"सगळ्यात मोठा पराभव" हे मात्र मला, नाइलाजाने का होईना, अर्धं मान्य करावं लागतं. देशांच्या पुरुष संघांमधल्या अधिकृत मॅचपुरतं ते खरं आहे. पण २०१५ च्या पॅसिफिक गेम्समध्ये पोर्ट मोर्सबीला मायक्रोनेशियाची पोरं ताहितीकडून ३०-०, फिजीकडून ३८-० आणि वानुआतूकडून ४६-० हरली. ते तेवीस वर्षांखालचे संघ होते आणि मायक्रोनेशिया फिफाचा सदस्य नाही, म्हणून तो आकडा विक्रमात धरत नाहीत.

ऑस्ट्रेलिया वर्ल्ड कपला गेली हे सपशेल खोटं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उरुग्वेने त्यांना प्लेऑफमध्ये हरवलं, २००२ च्या वर्ल्ड कपला ते नव्हतेच. दोन मिनिटं शोधलं तरी सापडतं, पण फॉरवर्ड करायला दोन सेकंदच लागतात.

फिफाने बेटांना बाहेर काढलं, हेही झालेलं नाही. झालं ते वेगळं, आणि इथं मी मेसेज लिहिणाऱ्याला एक गोष्ट देऊन टाकतो: ३१-० ची मॅच व्हायलाच नको होती. त्यात कुणाचंच भलं नव्हतं, तेरा गोल मारणाऱ्याचंसुद्धा नाही. आपल्याकडेही सोळा वर्षांच्या पोरांपुढे बारा वर्षांची उभी करतात तेव्हा माझा जीव असाच चडफडतो. ओशनिया म्हणजे पॅसिफिकमधल्या देशांच्या फुटबॉल संघटनेने पुढं उपाय काढला, तो बरोबर होता. लहान बेटांनी आधी आपापसांत खेळायचं आणि त्यातून वर यायचं. ऑस्ट्रेलिया तर २००६ पासून आशियातच खेळायला आली.

अशा एका स्पर्धेतच या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आहे, जो मेसेजमध्ये नाही. नोव्हेंबर २०११, सामोआमधलं अपिया. चारच संघ: अमेरिकन सामोआ, सामोआ, टोंगा, कुक बेटं. अमेरिकन सामोआला तेव्हा जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी थॉमस रोंगेन नावाचे नवे कोच मिळाले होते. बचावफळीत जाया साएलुआ होती. सामोआच्या संस्कृतीत पुरुष आणि बाई यांच्या मधली 'फाअफाफिने' म्हणून एक मानाची ओळख आहे, ती साएलुआची. वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत खेळणारी ती पहिली ट्रान्सजेंडर खेळाडू. आणि गोलमध्ये कोण? निकी सालापू. मेसेजप्रमाणे "लाजेनं खेळ सोडलेला" तोच. मधल्या काळात तो अमेरिकेत सिएटलला राहायला गेला होता, तिथून परत आला.

२२ नोव्हेंबरला टोंगाशी मॅच. त्रेचाळिसाव्या मिनिटाला रामिन ओटने पहिला गोल केला, चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला शालोम लुआनीने दुसरा. शेवटी टोंगाने एक फेडला आणि उरलेली मिनिटं जीव मुठीत धरून काढावी लागली. पण २-१. फिफाचं सदस्यत्व १९९८ मध्ये मिळालं तेव्हापासूनचा पहिला विजय. दोन दिवसांनी कुक बेटांशी १-१. मग सामोआकडून ०-१, तोही गोल अगदी शेवटी शेवटी झाला, नाहीतर काही सांगता येत नव्हतं. ज्या सामोआने २००१ मध्ये आठ गोल मारले होते तेच हे सामोआ.

"असल्या बेटांना खेळवायचंच कशाला" म्हणणाऱ्यांनी ग्वामचं नावही लक्षात ठेवावं. २००० मध्ये इराणने ग्वामला १९-० हरवलं होतं. त्याच ग्वामने जून २०१५ मध्ये वर्ल्ड कप पात्रता फेरीत आपल्या भारताला २-१ हरवलं. पावणेदोन लाखांच्या आतबाहेर वस्ती असलेलं बेट. इराणपुढे एकोणीस गोल खाल्ल्यावर त्यांनी गोलपोस्ट उपटून ठेवले असते तर ती मॅच झालीच नसती.

मेसेज टाकणाऱ्या काकांना मी फोन केला. "मला पण दुसऱ्यानेच पाठवला होता," म्हणाले, आणि वर, "अरे गंमत आहे ती." काका, तुमची गंमत झाली, पण पिशवीची गाठ अजून सुटलेली नाही आणि रविवारी पोराची पुढची मॅच आहे. तेव्हा एक करा. तो मेसेज काढून टाका आणि त्याच ग्रुपवर तितक्याच मोठ्या अक्षरांत एवढं टाका: २२ नोव्हेंबर २०११, अपिया. अमेरिकन सामोआ २, टोंगा १. गोलकीपर निकी सालापू.