ऑपरेटरचा निष्काळजीपणा, म्हणे!

आज कस्टमरच्या तक्रारीचा परत तोच फॉर्म, परत तीच ओळ. 'मूळ कारण: ऑपरेटरचा निष्काळजीपणा. उपाय: ऑपरेटरला ट्रेनिंग दिले.' भोसरी एमआयडीसीत 11 वर्षं काढली, या ओळीखाली किती सह्या ठोकल्या त्याची गणतीच नाही. आता डोकं फिरलंय.

चाकणच्या कस्टमरकडून 140 ब्रॅकेट परत आले. भोकाचं सेंटर सरकलेलं. लगेच मीटिंग, बोर्डावर माशाच्या सांगाड्यासारखी कारणांची आकृती, व्हाय-व्हाय ॲनालिसिस, म्हणजे मूळ कारण सापडेपर्यंत 'का?' विचारत जायचं. भोक का सरकलं? जॉब, म्हणजे तो ब्रॅकेट, त्याला पकडून ठेवणाऱ्या फिक्स्चरमध्ये हलला. का हलला? त्याला नेमक्या जागी बसवणारी लोकेटिंग पिन झिजली. बदलली का नाही? स्टोअरला पिनच नाही. का नाही? इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, अडीच महिने परचेसच्या टेबलावर, सहीविना. सही का नाही? इथं सगळे आपापल्या मोबाईलमध्ये.

मी हे सगळं बोर्डावर लिहिलं होतं. साहेब उठले आणि खालच्या ओळी चक्क तळहातानं पुसल्या. "अहो, हे कस्टमरला कसं पाठवायचं? पिन झिजली तर ऑपरेटरनं बघायला नको?" झालं! सेकंड शिफ्टच्या पोराच्या नावावर बिल फाडून मोकळे. त्या पोरानं लॉगबुकात तीनदा लिहिलंय, 'पिन लूज आहे'. पानावर कूलंटचा डाग पडलाय, पण अक्षर वाचता येतं. वाचायचं असेल तर.

कन्सल्टंटनं भिंतीवर ताइची ओह्नोंचा, टोयोटाची उत्पादन पद्धत घडवणाऱ्या इंजिनिअरचा, फोटो लावून दिलाय. ते द्यायचे ते उदाहरण वाचलंय का इथं कुणी? मशीन का थांबलं? ओव्हरलोड होऊन फ्यूज उडाला. ओव्हरलोड का? बेअरिंगला वंगण कमी. कमी का? पंप नीट ओढत नव्हता. का? त्याचा शाफ्ट झिजलेला. का झिजला? गाळणी नव्हती, धातूचा कीस आत गेला. पाचवं उत्तर गाळणी! माणसाचं नाव कुठंच नाही. आमच्याकडं ते मशीन असतं तर दुसऱ्याच 'का'ला हेल्परला मेमो निघाला असता, तेल का घातलं नाहीस म्हणून.

अँडनचं, म्हणजे अडचण आली की मदत बोलवायच्या दिव्याचं, तर बोलायलाच नको. टोयोटात दोरी ओढली की टीम लीडर मदतीला धावतो. आमच्याकडं बटण दाबलं की केबिनमधून फोन येतो, "कुणी दाबलं?" काय झालं नाही, कुणी दाबलं! आता त्या दिव्याच्या खांबाला लोक डब्याच्या पिशव्या अडकवतात. तेवढाच उपयोग.

वर प्रत्येकाला महिन्याला दोन कायझेनचं, म्हणजे छोट्या सुधारणांचं, टार्गेट. झाडू टांगायला खिळा ठोकला, कायझेन. पुढच्या महिन्यात तोच खिळा वीतभर डावीकडं, आधीचा फोटो, नंतरचा फोटो, परत कायझेन. टाळ्या. आणि कन्सल्टंटचं दोन दिवसांचं ट्रेनिंग हॉटेलात, पनीर-बिनीरसकट. पिन 350 रुपयांची आहे हो! तीनशे पन्नास!

उद्या दुपारी अडीचला, शिफ्ट लागायच्या आधी, त्या पोराचं ट्रेनिंग. द्यायचं मीच. विषय: लोकेटिंग पिन कशी तपासावी. त्याला दाखवायला म्हणून स्टोअरला एक नवी पिन मागितली, तर स्टोअरवाला म्हणतो, "इंडेंट टाका."